प्रॅक्टिकलचा चहा

लातूरच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘कमी बोला, जास्त ऐका.’ मी शेजारणीच्या कानाशी लागून म्हटलं, “संपलं आपलं.” ती म्हणाली, “काहून?” मग मी तिला काहून ते सांगायला लागले आणि मॅडमनी हातातला खडू माझ्याकडे रोखला. वर्गातल्या सगळ्या मुली हसल्या. पुढे ते वाक्य फळ्यावर आलं, की सगळ्यांच्या माना आधी माझ्याकडे वळायच्या आणि मग फळ्याकडे.

बोलायची सवय मला दुकानात लागली, असं मी म्हणते. आई म्हणते, जन्मताच होती. लोह्याला बसस्टँडसमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं मी बी.ए. झाल्यावर कामाला होते. मालक दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे, मशीन मी चालवायचे. झेरॉक्सच्या दुकानात राबणाऱ्या माणसाला तालुक्याची कुंडली पाठ होते. कुणाच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढलं, कुणाच्या पोराला गणितानं धोका दिला, सगळं त्या काचेवर पालथं पडतं. मला मात्र लक्षात राहायच्या दवाखान्याच्या फायली. नांदेडहून तपासून आलेली माणसं फाईल पुढं करायची आणि विचारायची, “बाई, काय लिवलंय बगा की.” दर दुसऱ्या फायलीत शुगर. डॉक्टरचं अक्षर मला लागायचं नाही, पण म्हणून मी गप्प बसायची थोडीच! भात कमी करा, पायी चाला, गोळी चुकवू नका. लोक माना डोलवायचे, पैसे द्यायचे आणि समोरच्या गाड्यावर जिलबी खायला जायचे.

एक दिवस एक मुलगी जाहिरातीच्या कागदाची झेरॉक्स काढायला आली. गरजू वस्त्यांमध्ये काम करणारे हेल्थ कोच तयार करायचे होते, त्यासाठी लातूरला प्रशिक्षण होतं आणि शिष्यवृत्तीही. मशीनमधून दोन कागद निघालेले पाहून ती म्हणाली, “ताई, मला एकच पायजे.” मी म्हटलं, “दुसरी माझी.” तिनं पुढं अर्ज केलाच नाही, कारण तिचं लग्न जमलं. मी केला. मुलाखतीत मला विचारलं, “तुम्हाला अनोळखी लोकांशी बोलायला जमेल का?” इतका सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. शेवटी त्यांनाच मला थांबवावं लागलं.

शिष्यवृत्तीत फी, होस्टेल, जेवण आणि एसटीचं भाडं एवढं सगळं बसत होतं. अट एकच होती. वर्गातलं शिकून झालं की प्रत्येकीला प्रॅक्टिकलसाठी एक गाव मिळणार. तिथं शुगर असलेल्या माणसांचा गट धरायचा, घरोघर जायचं, त्यांच्या खाण्यापिण्याची, चालण्याची घडी बसवून द्यायची. सुरुवातीला एक तपासणी, मध्ये एक आणि शेवटी एक. माणसांची तब्येत सुधारली तर शिष्यवृत्ती पुढं चालू आणि ट्रेनिंग संपल्यावर त्याच भागात पगारी काम. नाही सुधारली तर गाठोडं बांधायचं. मला बांधायला गाठोडं होतं, पण न्यायला जागा नव्हती, कारण झेरॉक्सच्या मशीनवर मालकांनी आपला मेहुणा बसवला होता.

घरी आई आणि वडील. आई लोह्याच्या आसपास निंदायला, कापूस वेचायला जाते. वडील नांदेडला एका गोदामावर वॉचमन आहेत. आम्ही बौद्ध. आमच्या घरात शिकायला कुणी नको म्हणत नाही, उलट नको म्हणणाऱ्यालाच चार शब्द ऐकावे लागतात. पण शिकायला गेलेली पोरगी अर्ध्यातून परत आली, तर त्याचं काय करायचं, हे आमच्याकडे अजून कुणाला माहीत नव्हतं. ते पहिलं मी दाखवणार की काय, ही भीती माझ्या पोटात होती. हसत होते, पण होती.

मला मिळालेलं गाव रेणापूरच्या बाजूला होतं. वरच्या गल्लीत लिंगायत वाणी लोकांची घरं. किराणा, भुसार आणि थोडीबहुत शेती. खालच्या गल्लीत आमचे लोक, कुणी मजुरीला, कुणी सोयाबीन पिकवणारं, एक दोघं सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. शुगर मात्र दोन्ही गल्ल्यांत सारखी. तिनं भेदभाव केला नव्हता.

वरच्या गल्लीची सूत्रं अव्वांच्या हातात होती. त्यांच्याकडे आईला, आजीला अव्वा म्हणतात, आणि ह्या बाईंना सगळा गावच अव्वा म्हणायचा. कपाळावर भस्माचे पट्टे, नाकावर उतरलेला चष्मा आणि ओसरीवर अशी जागा, की रस्त्यानं जाणारं मांजरसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटू नये. अव्वा गटात आल्या की गल्ली आली, असं गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून पहिल्या दिवशी मी पहिली तिथं गेले.

“शुगरवाली का तू?” अव्वांनी विचारलं. “बस. उन्हाची आलीस. सूनबाई, चहा टाक.”

आता आमच्या ट्रेनिंगमध्ये एक नियम होता. कोचनं कुणाच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही. ज्यांच्याकडे जायचं त्यांची परिस्थिती बेताची असते, त्यांना आपली तोशीस नको. नियम भल्यासाठीच होता आणि वर्गात मला तो पटलाही होता. पण तो करणाऱ्यांना कुणी कधी वेगळ्या कपात चहा दिला नसावा.

माझ्या आईला दिलेला आहे. तरुणपणी ती ज्यांच्या शेतात जायची, त्यांच्या घराबाहेरच्या भिंतीतल्या देवळीत एक कानतुटका कप ठेवलेला असायचा, आमच्या बायकांसाठी. आई ती गोष्ट नकला करून सांगते. मालकीण वरून चहाची धार कशी सोडायची, एक डोळा कपावर आणि दुसरा स्वतःच्या पदरावर कसा ठेवायची, हे ती उभी राहून करून दाखवते. आम्ही भावंडं हसून लोळायचो. हसण्यासारखं त्यात काही नाही, हे मला मोठेपणी कळलं. आईनं ते तसं करून टाकलं होतं, एवढंच.

तर अव्वांची सून ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये सारखे कप, सारख्या बश्या. मी नीट पाहिलं, अगदी निलाजरेपणानं पाहिलं. माझा कप कुठला, अव्वांचा कुठला, ते सांगता आलं नसतं. त्या चहाला नाही म्हणणं माझ्या जिभेला जमलं नाही, आणि माझ्या जिभेला न जमणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. चहा इतका गोड, की ओठाला ओठ चिकटावा. मी संपवला.

अव्वांनीही कप उचलला तेव्हा मात्र मी म्हटलं, “अव्वा, तुम्हाला शुगर आहे ना?”

“हाय की. म्हून तर एरवी मी शिवत न्हाई चहाला. पर पाहुण्याला एकट्याला चहा पाजत असतेत का? पाहुणं अवघडतं.”

मला फार बरं वाटलं. एरवी चहा घेत नाहीत, म्हणजे बाई शहाणी आहे, आपलं काम सोपं आहे, असं मी मनात म्हटलं.

खालच्या गल्लीत तर काही विचारूच नका. तिथं मी पाहुणी नव्हते, आपली पोरगी होते, आणि आपली पोरगी मॅडम होऊन आलीय म्हटल्यावर साखरेचा हात कुणी आवरेना. एक मावशी म्हणाल्या, “फिका चहा द्यायला आपल्या घरी काय सुतक हाय?” दोन्ही गल्ल्यांत मान साखरेनं मोजायची रीत. जितकं माणूस मोठं तितका चमचा वर. थोड्याच दिवसांत मी गल्लीत शिरले, की बायका कामं टाकून माझ्याबरोबर निघायच्या. एकीच्या घरून दुसरीकडे, दुसरीच्या घरून तिसरीकडे, आमची वरातच. मी मॅडमना फोनवर अभिमानानं सांगितलं, “गट चालायला लागला, मॅडम!”

मग मधली तपासणी झाली. संस्थेच्या सिस्टर मशीन घेऊन आल्या, समाजमंदिरात सतरंजी टाकली, एकेकाच्या बोटाला टोचलं. सिस्टर एकेक आकडा सांगत गेल्या आणि मी तो वहीत आधीच्या आकड्यासमोर लिहीत गेले. गटातल्या जवळजवळ सगळ्यांची शुगर आधीपेक्षा वाढलेली. मी यायच्या आधी बरी होती माणसं. अव्वा माझी समजूत घालत म्हणाल्या, “मशीन बिघडलं असंल गं.”

एकाच माणसाची उतरली होती. ते रिटायर झालेले एसटीचे कंडक्टर, खालच्या गल्लीच्या टोकाला राहणारे. त्यांनी मला एकदाही घरात घेतलं नव्हतं. मी दार वाजवलं की आतून आवाज यायचा, “जागा न्हाई, फुडच्या गाडीनं या!” मी गेले तिथं शुगर चढली आणि ज्यानं मला हाकलून लावलं तो सुधारला. ह्याच्यापुढं कुणी काय बोलावं?

मॅडमनी फोनवर आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणाल्या, “शेवटच्या तपासणीलाही असंच आलं, तर तुझी शिष्यवृत्ती मला वाचवता येणार नाही. काय होतंय ते शोध. आणि बाई, ऐक. जरा ऐक.”

लातूरला परतताना एसटीत मी रडले. अगदी नाक ओढून रडले. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं काही विचारलं नाही, पिशवीतून मूठभर भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या ओच्यात टाकल्या. रडता रडता शेंगा फोडता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. दोन्हींतलं एक सोडावं लागतं. मी रडणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी कोणत्याच घरी न जाता थेट कंडक्टरकाकांचं दार गाठलं. ते ओट्यावरच बसले होते, त्यामुळे त्यांना दार लावता आलं नाही.

“काका, मी आत येत नाही. एवढंच सांगा, तुम्ही केलं काय? तुमची एकट्याची कशी उतरली?”

“म्या काय बी केलं न्हाई,” काका म्हणाले. “फकस्त तुमाला आत घेतलं न्हाई.”

“ते माहीत आहे मला!”

“आवो, तुमी आलात की आमची मंडळी चहा टाकणार. मॅडमचा चहा म्हून गोड करणार. तुमाला दिला की मला बी देणार, कारन पाहुण्याला एकट्याला देत नसतेत. म्या म्हनलं, नको ती भानगड. दारच लावून घ्यावं.” मग गल्लीकडं हात करून ते म्हणाले, “ह्या समद्या तुमच्यासंगं घरोघर जातेत. दर घरी एक कप. तुमी दोघी-तिघींची चौकशी करस्तोवर त्येंच्या पोटात किती साखर जाती, बगा की हिशोब करून.”

मी ओट्याच्या पायरीवर बसलेच. गट चालायला लागला होता, हे खरं होतं. एका चहापासून दुसऱ्या चहापर्यंत चालत होता. एरवी अव्वा चहाला शिवत नव्हत्या, हेही खरं. पण आता आठवड्यातून कितीदा तरी त्यांच्या घरी आणि शेजारी पाहुणी येत होती, आणि ती पाहुणी मी होते. मला हसू आलं. काकाही हसले. हसून झाल्यावर मला परत मॅडमचा आवाज आठवला आणि हसू जिरलं.

आता उपाय सोपा वाटेल, की चहा घ्यायचा नाही. मलाही वाटला. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गल्ल्यांत सांगत सुटले, आजपासून माझ्यासाठी चहा टाकायचा नाही. खालच्या गल्लीतल्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “झालं. लातूरचं पानी लागलं पोरीला.” ते तरी बरं, तोंडावर बोलल्या. वरच्या गल्लीत कुणी काहीच बोललं नाही. पुढच्या वेळी गेले तर ओसरी रिकामी. सून दारात येऊन म्हणाली, “अव्वा झोपल्यात.” आणि आतून अव्वा चांगल्या जाग्या असल्यासारख्या खोकल्या.

असं सलग तीन-चार वेळा झालं. अव्वा झोपल्या म्हटल्यावर त्या गल्लीतल्या बाकीच्या घरांनाही झोप लागली. प्रॅक्टिकल संपत आलेलं, आणि मला दारातच उभं राहावं लागत होतं. माझ्या आईच्या नकलांमधलं ते दार आठवून मला आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. राग आला की माझं बरं होतं. मी सुनेला म्हटलं, “झोपू द्या. मी ओसरीवर बसते. उठतील तेव्हा उठतील.” आणि बसले. गप्प बसले. आयुष्यात इतका वेळ मी गप्प बसलेली कुणी पाहिली नसेल.

शेवटी अव्वांनाच राहवलं नाही. चष्मा पुसत बाहेर आल्या, माझ्याकडं न बघता बसल्या. मग म्हणाल्या, “एक इचारते. खरं सांग. आमच्या हातचा चालंना का तुला?”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी इतक्या जोरात हसले, की सून बाहेर धावली. हसता हसता माझे डोळे भरून आले. आमच्या हातचा तुम्हाला चालत नाही, हे आमच्या लोकांनी किती पिढ्या गिळलं असेल! आणि आज भस्म लावलेली एक म्हातारी बाई माझ्यापुढं बसून तोच प्रश्न उलटा विचारत होती, आणि उत्तराला घाबरत होती.

मी अव्वांना सगळं सांगितलं. आईचा कप सांगितला, देवळी सांगितली, पहिल्या दिवशी मी ट्रेमधले कप निरखून पाहिले तेही सांगितलं. तुमच्या चहाला नाही म्हणणं मला किती जड गेलं ते सांगितलं. आणि माझ्या येण्यानंच तुमची शुगर वाढतेय, ती अशीच राहिली तर माझी शिष्यवृत्ती जाणार आणि मी घरी जाणार, हेही सांगितलं.

अव्वांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “आमच्याबी देवळीत व्हता तसला कप. सासूनं ठेवलेला. धार म्याच सोडायची.” चष्मा परत लावत म्हणाल्या, “तवा मला त्यात काई वावगं वाटलं न्हाई. आता वाटतंय.”

मॅडमनी शिकवलेलं ऐकणं मला बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा जमलं.

“चहाबिगर तर तुला म्या जाऊ द्यायची न्हाई,” अव्वा उठत म्हणाल्या. “अन् गोड बी चालत न्हाई म्हनतीस. मंग तूच कर तुझ्या हातानं, कसा करायचा ते. ये आत.”

लिंगायतांच्या घरातलं स्वयंपाकघर म्हणजे देवघराइतकंच सोवळं. मी उंबऱ्याशी थबकले. अव्वा आतून ओरडल्या, “आता काय मुहूर्त काढतीस का? ये की!”

मी आत गेले. सुनेनं गॅस पेटवून दिला आणि बाजूला सरकली. पाणी, आलं, परसातली गवती चहाची पात, वरून थोडं दूध. साखरेच्या डब्याला हात लावला नाही. आम्ही तिघींनी तिथंच फरशीवर बसून चहा घेतला. अव्वांनी पहिला घोट घेऊन तोंड असं केलं, जसं मी एरंडेल पाजलं. पण कप संपवला.

मग तीच रीत पडली. ज्या घरी जाईन तिथं चहा मी करायची. खालच्या गल्लीतल्या मावशी म्हणाल्या, “अव्वाच्या चुलीपशी गेली, मंग आमचं काय घोडं मारलं?” त्यांच्याकडेही मी शिरले. बायका आधी तोंडं वाकडी करायच्या, मग कुणी दालचिनी घाल म्हणायची, कुणी तुळस. फिका चहा कुणाचा जास्त चांगला, यावर दोन्ही गल्ल्यांत चढाओढ लागली. पोरं मला ‘फिकी मॅडम’ म्हणू लागली. स्वयंपाकघरात बसल्यावर एक झालं, ओसरीवर कधीच न कळलेल्या गोष्टी कळल्या. गोळ्यांची पाकिटं डाळीच्या डब्यात असतात आणि डाळ संपली की आठवतात. उपवासाच्या दिवशी जेवणापेक्षा जास्त साबुदाणा पोटात जातो. अव्वा रात्री उशाशी गुळाचा खडा ठेवतात. सूनबाईंनी ते मला डोळ्यानंच दाखवलं.

शेवटच्या तपासणीला मॅडम स्वतः आल्या. रात्रभर मला झोप नव्हती. सिस्टर बोटं टोचत गेल्या आणि मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मग मॅडमनी मला हाक मारली. बहुतेकांची उतरली होती. कुणाची चांगली, कुणाची थोडी. एकदोघांची हट्टानं तिथंच होती, पण चढलेली कुणाचीच नव्हती. कंडक्टरकाका म्हणाले, “माजी तर तुमी घरात यायच्या आदीच उतरली व्हती, ते ल्ह्या तेवढं.”

मी सुटले असं वाटलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “हे केलंस कसं?” मी खरं ते सांगितलं. चहाचं नाव काढल्याबरोबर मॅडमचा चेहरा बदलला. “प्रत्येकाच्या घरी तू चहा घेतलास? नियम माहीत आहे ना तुला? हे मला वर सांगावं लागेल.”

आयुष्यभर नको तिथं चाललेली जीभ नेमकी हवी तिथं टाळ्याला चिकटली. आकडे उतरले आणि तरी शिष्यवृत्ती जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

अव्वा सतरंजीवरून उठल्या. “काय नियम हाय तुमचा?”

मॅडमनी सांगितलं. पाहुणी म्हणून कुणाच्या घरचं काही घ्यायचं नाही, लोकांवर भार टाकायचा नाही.

“बरोबर हाय नियम,” अव्वा म्हणाल्या. “पाहुणी व्हती तवर तिच्यापायी समद्यांची शुगर चढली. आता ती पाहुणी न्हाई. माझ्या चुलीपशी बसती, आमच्या डब्यातली डाळ उपसून गोळ्या काढती, माझा गूळ चोरती. वर काय सांगायचं ते सांगा, पर येवढं सांगा, की पोरगी घरची हाय. घरच्या लेकराला कुणी चहा मोजतं का?”

मॅडमनी आकड्यांचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. अव्वा त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेल्या, कारण मॅडम मात्र पाहुण्या होत्या. त्यांच्यासाठी सुनेनं गोड चहा केला. पाहुणीला एकटीला पाजायचा नाही म्हणून अव्वांनी एक कप माझ्या हातात दिला. “तू पी त्येंच्यासंगं. तुला कुठं शुगर हाय?” मॅडमनी कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि घोट घेतला. मग म्हणाल्या, “शिष्यवृत्ती चालू राहील. आणि पुढच्या बॅचला हा धडा तू शिकव. मी मागं बसून ऐकते.” मी त्यांच्या पाया पडले, अव्वांच्या पडले, चुकून सुनेच्याही पडले.

त्याच रविवारी मी लोह्याला गेले. आई मेथी निवडत होती. शिष्यवृत्ती राहिली म्हटल्यावर “बरं झालं माय” म्हणाली आणि निवडत राहिली. आमच्याकडे आनंद असाच होतो. मग मी तिला अव्वांचं सगळं सांगायला बसले. स्वयंपाकघराशी आले तेव्हा तिचा हात थांबला.

“आत? सैपाकघरात?”

“हाव.”

“अन् चहा झाल्यावर कप कुणी इसळले?”

मला प्रश्न कळायला क्षण लागला. चहा पिऊन झाल्यावर तो कप आपणच विसळून परत देवळीत ठेवावा लागायचा, हे आईनं तिच्या नकलेत कधीच दाखवलं नव्हतं.

“सुनेनं,” मी म्हटलं. “सगळ्यांचे. माझा पण त्यातच.”

आई मेथीकडं बघत बसली. डोळे तिनं पदरानं पुसले आणि मेथीला धूळ लई आहे म्हणाली. मग मान वर करून, माझ्यापेक्षाही मोठ्या आवाजात बोलली.

“मला ने एकदा तिथं. पर आदीच सांगून ठिव त्या अव्वाला. मी तुझ्यावानी घरची न्हाई. मी पाहुणी म्हून येनार हाय, मला चहा गोडच पायजे.”